गोटीसोड्याचे अश्मास्त्र

आमच्या घुग्घुसच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक काचेचे कपाट असे. कोळशाच्या खाणीवर जगणाऱ्या गावातल्या शाळेला शोभेल इतपतच ते होते. वरच्या फळीवर सायाळीचे काटे आणि मोरपिसे. मधल्या फळीवर खाणीतून आलेला एक काळा पाषाण, त्यावर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पानाचा स्वच्छ ठसा. आणि खालच्या फळीवर, लाल मखमलीच्या तुकड्यावर ठेवलेली, अंगठ्याएवढी, काळसर हिरवी, टोकदार अशी एक वस्तू. तिच्यापुढे गुरुजींच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी: ‘अश्मयुगीन हत्यार. वर्धा नदीकाठ, घुग्घुस. सापडले १९६२.’

ती वस्तू मला सापडली होती.

तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. जिल्ह्याला अजून चांदा म्हणत. पावसाळा सरून वर्धेचे पाणी उतरले की आम्ही पोरे नदीच्या उतारावर जात असू. पलीकडे यवतमाळ जिल्हा. तिकडच्या बैलगाड्या बाजाराच्या दिवशी त्याच उतारावरून पाण्यातून अलीकडे येत. तिथल्या वाळूत गारगोट्या वेचताना हा हिरवा तुकडा हाती लागला. पाण्यावाळूने घासून त्याची चकाकी गेली होती. उजेडाकडे धरला की मात्र कड उजळून निघे. एका कडेला बारीक बारीक टवके ओळीने उडालेले होते, जणू कोणी बसून दातेच पाडले असावेत. मी तो गुरुजींना नेऊन दिला.

गुरुजी इतिहास शिकवीत. शिकवीत कसले, इतिहासात राहत. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाला ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळच्या पल्लावरम येथे दगडी हत्यार सापडले आणि भारतातही अश्मयुगीन माणूस होता याचा पुरावा हाती आला, ही कथा ते अशी सांगत की त्या खडीत आपणच वाकून पाहत आहोत असे वाटावे. गोदावरीच्या काठी नाशिकजवळ गंगापूरला डॉ. सांकलियांना मिळालेल्या हातकुऱ्हाडींविषयीही ते बोलत. आता त्यांच्याच वर्गातल्या मुलाने वर्धेच्या वाळूतून असे काही आणून द्यावे! त्यांनी तो तुकडा तळहातावर उलटसुलट केला, चष्मा कपाळावर चढविला आणि म्हणाले, “अरे, हे हत्यार ज्याने घडविले तो तुझ्याआधी हजारो वर्षे याच उतारावर पाणी प्यायला येत असेल.”

त्या एका वाक्यावर मी पुढे शिक्षक झालो, असे म्हटले तरी चालेल.

शिक्षक होऊन १९७४ साली मी आमच्याच शाळेत आलो. चार वर्षांनी सुट्टीत पुण्याला जाण्याचा योग आला, तेव्हा डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात खरी दगडी हत्यारे जवळून पाहिली. हातकुऱ्हाडी, फरश्या, तासण्या, छिलके. नेवाशाची आणि इनामगावची गारेच्या दगडाची लांबट पाती. पाहता पाहता मला कुठेतरी रुखरुख लागली. यांतला एकही दगड आमच्या हिरव्या तुकड्यासारखा नव्हता. गावी परतल्यावर एका रविवारी शाळेत कोणी नसताना मी कपाट उघडले आणि तुकडा भिंगाखाली धरला. आत, अगदी खोल, एक वाटोळा बुडबुडा होता. शेजारी दुसरा, लहान.

दगडात असे बुडबुडे नसतात. मी नदीतली एक गारगोटी घेतली आणि तिच्या टोकाने तुकड्याच्या पाठीवर हलकेच रेघ ओढली. रेघ उमटली. मग तुकड्याच्या टोकाने गारगोटीवर ओढली. काही उमटले नाही. गारगोटी काचेहून कठीण. ती काचेला ओरखडते, काच तिला ओरखडू शकत नाही. अकीक किंवा कार्नेलियन असता तर तो गारगोटीच्या तोडीस तोड ठरला असता. संशयाला जागा राहिली नाही. आमचे अश्मयुगीन हत्यार बाटलीची काच होते; आणि रंग व जाडी पाहता, बहुधा गोटीसोड्याच्या बाटलीची.

गोटीसोडा वाचकांना आठवत असेलच. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली तिच्या बनावटीचे पेटंट घेतले. वायूच्या दाबाने आतली गोटीच वर येऊन बाटलीचे तोंड बंद करते. हा दाब सोसायचा म्हणून बाटली जाड काचेची करावी लागे. आमच्या नदीच्या उतारावर बाजाराच्या दिवशी सोडेवाला बसत असे, हेही मला तेव्हाच आठवले. आणि आठवल्यावर फार वाईट वाटले.

मी तुकडा मखमलीवर होता तसा ठेवला, कपाट लावले आणि घरी आलो. कोणाला काही बोललो नाही. गुरुजी तोवर निवृत्त झाले होते, पण दर गॅदरिंगला येत, पाहुण्यांना कपाटापाशी नेत आणि ती चिठ्ठी वाचून दाखवीत. अशा वेळी मी नेमका काही कामाच्या निमित्ताने दुसरीकडे जाई. माझे हे मौन अकरा वर्षे टिकले. माणूस खोटे एकदाच बोलतो. न बोललेले खोटे मात्र रोज सांभाळावे लागते.

त्या अकरा वर्षांत मी एक पळवाट शोधीत होतो. काच असली म्हणून काय झाले? काचेचेही हत्यार असू शकेल! आणि मौज अशी की शोधता शोधता कळले, ही पळवाट नसून चांगला हमरस्ता आहे. बाटलीच्या काचेची दगडी घडणीची हत्यारे जगात खरोखरच होऊन गेली आहेत.

२९ ऑगस्ट १९११ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी कत्तलखान्याच्या आवारात एक भुकेला, थकलेला मनुष्य आढळला. तो याही जमातीचा होता, आणि त्या जमातीतला शेवटचाच उरला होता. बाकीचे सारे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत, रोगांत आणि उपासमारीत संपले होते. आपले नाव त्याने कधीच सांगितले नाही. त्याच्या रीतीत स्वतःचे नाव स्वतः उच्चारणे बसत नव्हते. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले. त्याच्या भाषेत याचा अर्थ ‘माणूस’ इतकाच. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात तो राहू लागला आणि रविवारी पाहायला येणाऱ्यांसमोर बाणांची टोके घडवू लागला. कशाची? हाताशी येईल त्या काचेची: बिअरच्या तपकिरी बाटल्या, औषधाच्या निळ्या बाटल्या, खिडकीच्या तावदानाचे तुकडे.

तो काच ठोकून फोडीत बसत नसे. आधी एक बेताचा छिलका काढून घेई, मग तळहातावर कातडे ठेवून त्यावर तो धरी आणि टोकदार दाबणीने कडेवर असा दाब देई की पलीकडून कागदासारखा पातळ टवका सुटे. एक, दुसरा, तिसरा. या बाजूने, मग त्या बाजूने. डॉक्टर पोप हे त्याचे स्नेही. त्यांनी नोंदवून ठेवले आहे की, काचेचा कण डोळ्यात उडाला तर इशी खालची पापणी ओढून धरी, मान खाली घाली आणि डोक्यावर थापटी मारून कण पाडी. २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने तो वारला. त्याची काचेची टोके राहिली आहेत. त्यांना मागासलेपणाची खूण म्हणणाऱ्याने एकदा बिअरच्या बाटलीतून तसे एक टोक काढून दाखवावे.

दुसरा मुलूख ऑस्ट्रेलियाच्या वायव्येचा, किम्बर्लीचा. तिथले मूळ रहिवासी भाल्याची टोके दगडाची घडवीत. पानासारखी सडपातळ, कडेला बारीक दाते असलेली. गोऱ्यांच्या बाटल्या येताच त्यांनी त्याच कसबाने काचेची टोके घडविली, आणि पाहणाऱ्यांना ती इतकी आवडली की संग्राहक ती मागून नेऊ लागले. एवढेच नव्हे, तर १८७२ साली पुरी झालेली अ‍ॅडलेड ते डार्विन ही तारेची लाइन या खंडाच्या पोटातून गेली, तेव्हा तिथल्या लोकांनी खांबांवरच्या चिनी मातीच्या पांढऱ्या टोप्याही उतरवून त्यांची हत्यारे केली. तारखात्याची माणसे मग खांबाच्या पायथ्याशी रिकाम्या बाटल्या ठेवून देत असे सांगतात. बाबांनो, हे घ्या, पण टोप्यांना हात लावू नका!

तिसरी जागा तर आपल्याच देशातली, आणि मराठी माणसाने जिचे नाव काळे पाणी म्हणून ऐकलेले. १८५८ साली इंग्रजांनी अंदमानात पोर्ट ब्लेअरची कैद्यांची वसाहत घातली. तिच्याबरोबर बाटल्याही उतरल्या. बेटावरच्या मूळ लोकांत पूर्वी गारेचे छिलके काढून त्यांनी हजामत करीत, अंगावर गोंदणासारख्या बारीक चिरा घेत. आता तेच काम ते बाटलीच्या काचेने करू लागले. ई. एच. मॅन या अधिकाऱ्याने १८८०च्या सुमारास त्यांचे जे वर्णन लिहिले, त्यात छिलके काढणे हे तिथे बायकांचे काम समजले जाते अशी नोंद आहे. दगडी हत्यार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे केसाळ पुरुष उभा राहतो. अंदमानात ते काम घरातली बाई करीत होती. छिलका बोथट झाला की ती तो टाकून देई आणि नवा काढी. धार लावण्याची भानगड नाही.

या कथेचा शेवट मात्र गोड नाही. बाटलीबरोबर बेटावर रोगही आले. १९०१च्या शिरगणतीत मोठ्या अंदमानी लोकांची संख्या ६२५ भरली होती. १९६१ साली ती १९ झाली. बाटलीची काच तेवढी त्यांच्या कामी आली. बाकी जे काही जहाजातून उतरले, त्याने त्यांचा घातच केला.

काचेचे आणि दगडी कसबाचे हे सूत जुळते कसे, हेही सांगितले पाहिजे. लाकडाला रेषा असते, ते रेषेने चिरते. अभ्रकाला पापुद्रे असतात. काचेला यांतले काही नाही. ती सगळीकडून सारखी. म्हणून तिच्यावर बसलेला घाव कोणत्याही आडकाठीशिवाय शंकूच्या आकाराने आत पसरतो. गलोलीचा खडा तावदानाला लागला की बाहेरून लहान आणि आतून मोठे असे भोक पडते, ते याच कारणाने. कडेपाशी, बरोबर कोनात घाव घातला, की शंकूचा केवळ एक काप निघतो. तोच छिलका. त्याच्या पोटाशी, घावाच्या जागेखाली, लहानसा फुगवटा असतो आणि त्यापासून पाण्यात खडा टाकल्यासारखी वलये पसरतात. गार, अकीक, चकमक हे दगडही अशाच बारीक, एकजीव पोताचे असल्यामुळे असेच फुटतात. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांतून हे रंगीत दगड मुबलक मिळतात, म्हणूनच आपल्या पूर्वजांचे चालले. ज्वालामुखीच्या मुलखांत निसर्गच काच बनवितो, त्या काळ्या काचेची हत्यारे तर लाखो वर्षे चालत आलेली. मग तळेगावच्या पैसाफंडाच्या कारखान्याने १९०८ पासून, नाहीतर ओगलेवाडीच्या भट्टीने १९१६ पासून जी काच केली, ती त्या कुळाबाहेरची कशी म्हणायची? आपल्या आजीच्या प्रभाकर कंदिलाची काचही फुटताना अश्मयुगाच्याच नियमाने फुटत होती.

हे सारे वाचून मला धीर आला. म्हटले, आमचाही तुकडा कोणी घडविलेला असेल. नदीकाठचा एखादा गुराखी, एखादा फासेपारधी, एखादा गोंड शिकारी, का नसावा? चिठ्ठीतला ‘अश्मयुगीन’ हा एकच शब्द खोडायचा. ‘हत्यार’ राहील. गुरुजींचा निम्मा मान राहील.

पण इथेही एका जुन्या प्रकरणाने माझी वाट अडविली. गेल्या शतकाच्या आरंभी युरोपात मोठा वाद माजला होता. फार प्राचीन थरांत कडेला टवके उडालेले गारेचे तुकडे मिळत; काही विद्वान त्यांना ‘उषाश्म’, म्हणजे माणसाच्या पहाटेची हत्यारे म्हणत, तर इतर म्हणत की ही निसर्गाची करणी. १९०५ साली मार्सेलिन बूल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांत गावाजवळच्या सिमेंटच्या कारखान्याकडे बोट दाखविले. तिथे खडू आणि चिकणमाती पाण्याच्या हौदात घुसळीत. खडूबरोबर आलेले गारेचे गोटे त्या घुसळणीत एकमेकांवर आपटत आणि तळाशी जमत. ते बाहेर काढून पाहिले तर हुबेहूब ‘उषाश्म’! हत्यारे घडविणारा आदिमानव सापडला होता, तो यंत्राच्या रूपाने.

आमच्या घुग्घुसला सिमेंटचा कारखाना आहे. सायंकाळी त्याचा आवाज ऐकत मी ही हकीकत वाचली, आणि जे करायला हवे होते ते करायचे ठरविले.

आधी स्वतः घडवून पाहिले. सोड्याच्या बाटलीचे बूड, नदीतला एक वाटोळा गोटा, आणि दाबायला तांब्याची जाड तार. (बालवाचकांनी हे मुळीच करू नये. मी डोळ्यांवर चष्मा आणि नाकाला रुमाल बांधून, अंगणाबाहेर, गोणपाटावर बसून केले, तरी अंगठ्याला तीन टाके पडले आणि घरातून जे ऐकावे लागले ते निराळेच.) महिन्याभरात मला बरेवाईट टोक जमू लागले. तेव्हा एक गोष्ट हातालाच कळली. माणूस काढतो ते टवके एकामागून एक असतात. पुढचा टवका मागच्याने केलेल्या कडेचा आधार घेतो. हातातली वस्तू तो सारखी उलटतो, कारण दोन्ही अंगे सारखी पातळ करायची असतात. टवक्यांत एक बोलणे असते. आधीचे वाक्य ऐकून पुढचे बोलावे तसे.

मग दुसरा प्रयोग. सात बाटल्यांची फुटकी बुडे मी आमच्या गल्लीतल्या मुरमाच्या वाटेत, गोणपाटात गुंडाळून, वरून थोडी माती लोटून ठेवली. बैलगाडीला लोखंडी धाव असते, म्हणून पंक्चरची भीती नव्हती. आठ दिवस गाड्या त्यावरून गेल्या. नवव्या दिवशी गोणपाट उलगडले. बहुतेक सगळा चुरा होता. पण एक तुकडा वर आला आणि माझ्या छातीत धस्स झाले. आमच्या मखमलीवरच्या तुकड्याची तो धाकटी बहीण शोभला असता. तेच टोक, तशीच एका कडेने ओळीने उडालेली टवक्यांची रांग. सपाट पडलेल्या तुकड्यावर वरून भार आला की टवके एकाच अंगाने निघतात, आणि दुरून पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. मी शाळेतला तुकडा पुन्हा काढला. त्याचे टवके सारे एकाच अंगाचे होते. त्यांत बोलणे नव्हते. नुसती कुरकुर होती, चाकाची.

म्हणजे हत्यारही नव्हे. अश्मयुग गेलेच होते, आता माणूसही गेला.

१९८९च्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, फराळाचा डबा आणि तो तुकडा घेऊन मी गुरुजींकडे गेलो. पाया पडलो, चहा झाला, चकली झाली. मग सगळे सांगितले, अकरा वर्षे गप्प राहिलो हेही. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गारगोटी आणली आहेस का?”

मी खिशातून काढून दिली. त्यांनी स्वतः रेघ ओढली. बोटाने चाचपून पाहिली. तुकडा दिव्याच्या पणतीसमोर धरून आतला बुडबुडा पाहिला. आणि म्हणाले, “चिठ्ठी माझ्या हातची आहे. दुरुस्तीही माझ्याच हाताने होऊ दे.” थोडे थांबून पुढे म्हणाले, “चुकलो याचे दुःख नाही. पण अकरा वर्षे तू मला चुकू दिलेस! शिक्षकाला असे वागवू नये रे.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

निरोप घेताना त्यांनी सहज विचारले, “मग आपल्या गावात काचेचे खरे हत्यार कधी नव्हतेच म्हणायचे?” मी नाही म्हणणार होतो, आणि उंबऱ्यातच थबकलो.

आमच्या घराशेजारी एक वाढई राहत. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. ते खाणीतल्या कुदळींना आणि फावड्यांना दांडे करून देत. लाकूड धावड्याचे, चिवट, जड, जंगलातून आलेले. वाकसाने आणि रंध्याने दांडा आकाराला आला, तरी त्यावर बारीक कुसे राहत. आणि ज्या हाताला आठ तास कुदळ चालवायची, त्याला एक कूसही पुरे. म्हणून शेवटचे काम ते काचेने करीत. ओट्याच्या कडेवर बाटली फोडून बेताचा तुकडा निवडीत, तो दोन्ही हातांच्या बोटांत आडवा धरीत आणि दांड्यावरून आपल्याकडे ओढीत. कागदाहून पातळ, तलम अशी लाकडाची साल सुटत जाई. मी लहानपणी तासन्तास ते पाहत बसे. एकदा विचारलेही होते, की काचेला धार का नाही लावत? हसून म्हणाले होते, “धार गेली का काच फेकाची बाबू, दुसरी फोडाची. तिले घासत बसाचं नाई.”

अंदमानच्या त्या बाईने याहून वेगळे काय सांगितले असते? मॅनसाहेबाने बेटावर जाऊन लिहून ठेवले ते आमच्या ओट्यावर रोज घडत होते. निवडलेला छिलका, ओळखलेली कड, ठरलेले काम, आणि बोथट होताच टाकून देण्याची शहाणी सवय: पुराणवस्तूंचे अभ्यासक जिला तासणी म्हणतात, ती हीच. आणि मी? मी ते पाहून, त्याच पायांनी नदीवर जाऊन, चाकाखाली फुटलेला तुकडा हत्यार म्हणून उचलून आणला. तो सुंदर होता, टोकदार होता, आणि मुख्य म्हणजे जुना वाटत होता.

आपण युगे कपाटाच्या फळ्यांसारखी मांडतो. खाली दगडाचे, मधे तांब्या-काशाचे, वर लोखंडाचे. कोपनहेगनच्या थॉमसेनने संग्रहालयातल्या वस्तू लावण्यासाठी ही मांडणी केली आणि १८३६ साली ती छापली; सोयीची होती म्हणून जगभर रुळली. पण माणसे फळ्यांवर राहत नाहीत. नेवाशाला आणि इनामगावला सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तांबे ठाऊक असलेले शेतकरी राहत, आणि तेच शेतकरी कापाकापीला गारेची पाती वापरीत. कारण तांबे महाग आणि गार अंगणात. आमचे वाढई पोलादाच्या रंध्याने काम सुरू करून काचेच्या छिलक्याने संपवीत, कारण त्या कामाला पोलादापेक्षा काच सरस. यात जुने कोणते आणि नवे कोणते?

खरी अश्मयुगीन हत्यारेही आमच्यापासून फार दूर नव्हती. चंद्रपूरजवळच्या पापामियाँ टेकडीवर ती मिळाली आहेत. जाडजूड, ओबडधोबड वाटणाऱ्या हातकुऱ्हाडी. त्यांच्यात मखमलीवर ठेवावे असे काही दिसत नाही. शेकडो माणसे तशा दगडांना ठेच लागून पुढे गेली असतील. मलाही ते आधी दिसले असते, तर मी बहुधा ते नदीत भिरकावण्यासाठीच उचलले असते.

वाढई तोवर वारले होते. त्यांचा मुलगा त्याच ओट्यावर काम करी. दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी त्याच्याकडे गेलो आणि टाकून दिलेली एक काच मागितली. “ते काहाले पायजे मास्तर?” त्याने चकित होऊन विचारले, आणि दांड्याच्या सालीच्या ढिगातून एक तपकिरी तुकडा काढून दिला. वेडावाकडा, टोक नसलेला. एकच कड किंचित बोथट झालेली, आणि तिच्या फटींत लाकडाचा पिवळा भुगा अडकलेला.

गुरुजी एका सकाळी शाळेत आले. कपाट उघडवून त्यांनी जुनी चिठ्ठी बाहेर काढली, तिच्यावर एकच आडवी रेघ ओढली, आणि ती तशीच परत आत ठेवली. “खोडलेलेही मुलांना दिसू दे,” म्हणाले. मग दोन नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. हिरव्या तुकड्यापुढे: ‘बाटलीची काच. गाडीच्या चाकाखाली फुटलेली. हत्यार नव्हे.’ तपकिरी तुकड्यापुढे: ‘बाटलीची काच. घुग्घुसच्या वाढयाची तासणी. हत्यार.’

मी २००९ साली निवृत्त झालो, तोवर ते दोन तुकडे शेजारी शेजारी होते. दरवर्षी नवी मुले येत, कपाटाला नाक लावीत आणि हमखास विचारीत: “सर, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आहे का? हत्यार तर हे हिरवे वाटते.” मी काही सांगत नसे. आधी हिरवा तुकडा आणि एक गारगोटी त्यांच्यापुढे ठेवी. मग धावड्याचा एक न तासलेला दांडा आणि एक तासलेला, दोन्हींवरून त्यांना तळहात फिरवायला लावी.